वहीचं काय झालं

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

काल रात्री संकटग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या नोकरीचा अर्ज जवळजवळ पुरा झाला होता. आज एकदा नजर फिरवायची आणि पाठवून द्यायचा, असं ठरवूनच वाळपईला गेले. झेरॉक्स आणि दाखल्यावर सही, एवढंच काम होतं. परतीच्या कदंब बसची वाट बघत उभी होते, तर मागून कुणीतरी कोपराला धरलं. काकी. हातात सोलांची पिशवी. आईच्या गुडघ्याची चौकशी झाली, माझी झाली (ती राहू दे), आणि बस स्टँडला लागता लागता तिने विचारलं, "तेन्ना तूं बरोवन घेवन गेल्लें, ताचें कितें जालें गो?"

तेव्हा लिहून नेलं होतंस, त्याचं काय झालं? मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडाला आलं ते "बघते हां काकी." तिने पिशवीतली मूठ-दोन मूठ सोलां कागदात बांधून माझ्या हातात कोंबली आणि गेली.

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. चतुर्थीला आपल्याकडून नेलेला डबा परत कधी देतेस, असं विचारावं तितक्या साधेपणाने विचारलं. तेच डोक्यातून जात नाही.

२३ जुलै २०२१. म्हादई नदी पात्र सोडून आली, पैकूळचा पूल गेला. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं तेव्हा गोव्याचे मुख्यमंत्रीच म्हणाले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही नऊजण घरोघर फिरलो. प्रत्येकाला एक वही. नाव, घरात माणसं किती, भिंत मातीची की चिऱ्याची, काय गेलं. माझ्या वाट्याला एक्केचाळीस घरं आली. काकीची मागची भिंत बसली होती आणि उकड्या तांदळाचं पिंप आडवं होऊन चिखलात तांदूळ फुगले होते. ती त्यातले वरचे वरचे सुपात वेचत होती. मी तिच्या शेजारी उकिडवी बसून लिहीत होते.

अर्जात हेच लिहिलंय. 'संकटग्रस्त लोकांसोबत केलेल्या कामाचा एक प्रसंग, तीनशे शब्दांत.' तीनशेतला एक शब्द वाया घालवला नव्हता. सूप, तांदूळ, पावसाने काळी पडलेली माती. वाचून मलाच भरून आलं होतं. आणि त्याच्याच खालची चौकट: 'माहिती गोळा करताना संमती कशी घ्याल?' तिथे मी लिहिलंय की हेतू आधी सांगेन, नको म्हणायचा हक्क आहे हे सांगेन, उत्तर दिलं-न दिलं म्हणून मदत अडणार नाही हे सांगेन, आणि निष्कर्ष त्या लोकांपर्यंत परत नेईन. परत नेईन! दोन चौकटींमध्ये बोटभर अंतर आहे. काल माझ्या ते डोळ्यांत खुपलं नाही.

घरी आल्या आल्या माळ्यावर चढले. आई खालून ओरडत होती, काय शोधतेस. वही मिळाली. कडा कसर लागून गेल्यात, पानं पापडासारखी. काकीचं पान उघडलं तर शेवटच्या रकान्यात एक ओळ आडवी खोडलेली. माझ्याच निळ्या पेनाने, दोनदा. आणि आठवलं. ती बोलता बोलता काहीतरी बोलून गेली होती, मी लिहून घेतलं होतं, आणि मग वहीकडे बघून म्हणाली होती, "हें बरोव नाका." मी तिच्यादेखत खोडलं होतं.

अर्जातल्या उताऱ्याचं शेवटचं वाक्य तेच आहे. खोडलेली ओळ इंग्रजीत, चांगली घासूनपुसून. काल लिहिताना ती खोडलेली आहे हे आठवलं नाही, फक्त ती ओळ आठवली. ती काय होती ते इथेही लिहीत नाही.

खूप वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आधी स्वतःबद्दलच वाटलं. वर्षभरातला हा तिसरा अर्ज. लेक्चर बेसिसचा करार एप्रिलात संपला, जूनमध्ये परत बोलावतील की नाही ते जूनमध्येच कळणार. बाबा काही बोलत नाहीत, नुसती सरकारी भरतीची जाहिरात कापून टेबलावर ठेवतात. माझ्याकडे दाखवायला आहे तरी काय? बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित छावणीत राहिलेली नाही, फ्रेंच येत नाही, अरबी येत नाही. एक पूर आणि एक वही, एवढंच. त्यातलंही सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही म्हटल्यावर उरतं काय?

मला हे काम खरंच हवंय. संकटात माणशी दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी, डोक्यावर माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कुणीतरी बसून हे मोजलंय, ठरवलंय, याचाच किती आधार वाटला होता. कुपोषण ओळखायला मुलाच्या दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल. त्या लालमुळे पोर उपचाराला जातं. मोजण्याने माणूस वाचतो यावर माझा विश्वास आहे. पण पट्टी मोजून वहीत लिहिली आणि वही माळ्यावर गेली तर?

मुलाखतीची तयारी म्हणून हेन्री ड्युनाँचं वाचत होते. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर तो जखमींमध्ये वावरला, त्यातूनच पुढे रेड क्रॉस उभी राहिली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला आज त्यातलं दुसरंच आठवतंय. विशीतला एक सैनिक मरताना त्याला वडिलांचा पत्ता सांगतो, लियाँ शहरातला. ड्युनाँ लिहून घेतो आणि कळवतो. आईबापांना एकुलत्या एका मुलाची खबर कळली ती तेवढीच. त्याने लिहून घेतलं ते पोचलं.

माझी वही कुठे पोचली? झेरॉक्स काढून दिल्या होत्या, ज्यांनी वह्या वाटल्या त्यांनाच. त्यानंतर गाद्या आल्या, रेशन आलं, ते माझ्या यादीवरून आलं की आधीच ठरलेलं होतं, मी विचारलं नाही. पुढे माझे पेपर तपासायचे होते. काकीने भिंत स्वतःच बांधली, भावाकडून पैसे घेऊन. हे मला आईकडून कळलं होतं.

नवाच्या सुमाराला शेवटचं वाक्य काढून टाकलं. उतारा मऊ पडला. मग वाटलं, त्याजागी आजचा प्रसंग घालू या. बसस्टँड, कोपर धरणं, तो प्रश्न. किती छान उतरेल! लिहायलाही लागले, चार ओळी झाल्या, आणि हात थांबला. परत तिलाच उचलत होते. इथे लिहितेय तेही तेच का, हे मला अजून नीट कळत नाहीये. निदान नाव नाही, गाव नाही, ती ओळ नाही.

शेवटी काकीला पूर्ण काढलं. सूप गेलं, तांदूळ गेले. आता त्या चौकटीत एवढंच आहे: एक्केचाळीस घरांची यादी केली, रकाने कोणते होते, कोणता रकाना चुकीचा होता (कर्ज विचारलं नाही, विचारायला हवं होतं), यादी कुणाला दिली, आणि तिचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा मी केला नाही. एकशे तीस शब्द. बाकीची चौकट रिकामी. हे वाचून कुणी मुलाखतीला बोलावेल असं वाटत नाही, पण आता ते वाक्य परत घालणं माझ्याच्याने होणार नाही. उद्या सकाळी पाठवते.

ज्यांना झेरॉक्स दिल्या त्यांच्यापैकी एकाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. मेसेज टाकलाय, बघितल्याची खूण अजून आलेली नाही. उत्तर आलं तर ते, नाही आलं तर 'माहीत नाही' हेच घेऊन रविवारी साडेआठची बस. वही पिशवीत घातली आहे. सोलां आईने डब्यात भरली, उद्या सोलकढी करते म्हणाली.