ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

धाकट्या भावाच्या वर्षश्राद्धाला मी गेले नाही. त्याच आठवड्यात आळंदीहून माउलींची पालखी निघणार होती, मी एका दिंडीत नाव नोंदवले होते आणि घरच्यांना तेवढे कारण पुरेसे वाटले. खरे कारण असे होते की भावजयीच्या समोर उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, तेव्हा भावाने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले आणि मी सही करण्यास नकार दिला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिलेला आहे, हे मला माहीत होते, आणि त्या नकाराला मी आजही चूक मानत नाही. त्यानंतर मात्र आमचे बोलणे थांबले, दोन राखीपौर्णिमा तशाच गेल्या आणि तिसरी येण्याआधी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. आपली बाजू खरी असली म्हणून अपराधाची भावना कमी होत नाही, हे मला त्या वर्षी कळले. चूक झाली असती तर निदान क्षमा तरी मागता आली असती.

मी बावीस वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले. दुःखाविषयी जगातल्या निरनिराळ्या परंपरा काय सांगतात, हा माझ्या आवडीचा विषय होता. पण भाऊ गेल्यावर त्यातले एकही वाक्य माझ्या उपयोगी पडले नाही. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या शोकाच्या पाच अवस्था मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आल्या होत्या, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत असे, आणि तरीही रात्री जाग आली की आपण त्यातल्या कितव्या पायरीवर आहोत हे मी मोजत बसे.

पुण्याचा मुक्काम संपवून दिवे घाट चढताना माझ्या शेजारून परभणीकडील एक मावशी चालत होत्या. डोक्यावर तुळस, पायांत झिजलेल्या चपला, आणि टाळाच्या ठेक्याशी जुळलेले पाऊल. त्यांनी मला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, वारीला का आले हेही विचारले नाही. सासवडचे दोन मुक्काम झाले, जेजुरी झाली, आणि या साऱ्या वाटेत त्या मला फक्त "माउली, पाणी घ्या" आणि "माउली, सावलीला बसा" एवढेच म्हणाल्या. ज्यू लोकांमध्ये घरात मृत्यू झाला की जवळचे नातलग सात दिवस घरातच, जमिनीलगतच्या बैठकीवर बसतात. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचे नसते, शोक करणारा बोलेपर्यंत थांबायचे असते. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाशेजारी त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले, या जुन्या कथेकडे त्या रीतीचे मूळ नेतात. पुढे तेच मित्र बोलू लागले आणि त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे त्याच्यावरच लादली. त्या मित्रांचे खरे सांत्वन त्या सात दिवसांतच झाले होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. मावशींना हे काही माहीत नव्हते, पण त्या तशाच वागत होत्या.

जेजुरीच्या तळावर मी समाजआरती प्रथम नीट पाहिली. पालखी तळावर येते, साऱ्या दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात, आणि हजारो टाळांचा एकच गजर चालू असतो. मग चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सारा तळ शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात, चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, काय घडले ते ऐकून घेतात, आणि तक्रारीची दखल घेतली गेल्यावरच ते टाळ थांबतात. त्यानंतर वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते.

हा क्रम मला त्या रात्री झोपू देईना. इतक्या मोठ्या जनसमुदायाने देवाची आरती एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबवून धरायची, ही केवढी मोठी गोष्ट आहे! दुःख आवरून, तोंड पुसून मगच देवासमोर यावे, असे मला लहानपणापासून शिकवले गेले होते. प्रत्यक्षात आपली परंपरा तशी नाहीच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्यानंतर ते देवाशी भांडले, त्याला कठोर शब्द बोलले, दिवाळे निघाले ते बरेच झाले असेही त्यालाच म्हणाले. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या. हिब्रू स्तोत्रांतही "किती काळ?" असा थेट जाब देवाला विचारलेला आहे. जिथे गाऱ्हाणे घालण्याची मुभा असते, तिथे माणसाचा श्रद्धेशी असलेला धागा तुटत नाही. माझा तुटला होता, कारण मी वर्षभर कुणाशीच भांडले नव्हते.

वाल्ह्याच्या मुक्कामी मी मावशींना सगळे सांगितले. हक्कसोडपत्र, राख्या, न केलेला फोन, आणि आता टाळलेले वर्षश्राद्धही. त्यांनी "झालं ते झालं" म्हटले नाही. बराच वेळ त्या पायांना तेल चोळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, माझा पोरगा घर सोडून गेला त्याला अकरा वर्सं झाली. मेला म्हणावं तर कुनी सांगितलं नाही, जित्ता म्हणावं तर दिसला नाही. दरसाल वारीत तोंडं बघत चालते."

किसा गौतमीची कथा मी किती वर्षे शिकवली, याची गणती नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धांनी ज्या घरी कधी कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मृत्यू सर्वांनाच अटळ आहे, हे तिला उमगले, असे आम्ही फळ्यावर लिहीत असू. पण हे वाक्य बुद्ध तिला बसल्या जागी सांगू शकले असते. त्यांनी तिला दारोदार पाठवले, आणि प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपल्या घरातल्या मृत्यूविषयी सांगितले असणार. औषध मोहरीत नव्हते, त्या उंबरठ्यांवरच्या बोलण्यात होते, हे मला वाल्ह्याच्या त्या राहुटीत प्रथमच जाणवले. आणि त्याचबरोबर हेही दिसले की मावशींना ती कथाही पुरत नाही. गौतमी अखेर मूल स्मशानात ठेवून परत येऊ शकली. मावशींना शोकही करता येत नव्हता आणि आशाही सोडता येत नव्हती. समाजआरतीत हरवलेल्या वस्तूंची पुकार सुरू झाली की त्या पदर कानामागे सारून उभ्या राहत, हे त्यानंतर माझ्या लक्षात आले.

तरी त्या चालत होत्या. आपण पंढरीला एकटे जात नाही, माउलींना बरोबर घेऊन जातो, असे वारकरी मानतात. १२९६ मध्ये समाधिस्थ झालेले ज्ञानेश्वर पादुकांच्या रूपाने आजही पालखीतून आपल्या पुढे चालतात. जपानमध्ये शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची यात्रा करणारा यात्रेकरूही आपल्या प्रवासाला "दोघांचा प्रवास" म्हणतो, कारण हातातली काठी म्हणजे साक्षात बौद्ध संत कोबो दाइशी, अशी त्याची श्रद्धा असते. असे सोबत मानणे ही मनाची समजूत आहे, असे मी एके काळी म्हणाले असते. नीरा ओलांडताना, लोणंदहून तरडगावकडे जाताना, पायांचे फोड फुटलेले असताना, मला त्या सोबतीची सत्यता सिद्ध करावीशी वाटली नाही.

फलटणपासून पुढचे दिवस भराभर गेले. वाखरीला पोहोचल्यावर, पंढरपूर अगदी समोर असताना, मी भावजयीला फोन लावला. तिने नाव ऐकले आणि गप्प राहिली. मी क्षमेची वाक्ये मनात जुळवून ठेवली होती, ती सुरू करणार तोच ती म्हणाली, "ताई, वर्षश्राद्धाला तुम्ही का नाही आलात? पान वाढून ठेवलं होतं तुमचं." आणि मग तिचे बोलणे थांबेना. त्याच्या औषधांचे, रुग्णालयाच्या बिलाचे, त्याने दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवल्याचे, माझ्या हट्टाचे आणि त्याच्याही हट्टाचे ती सांगत राहिली. मला उत्तरे सुचत होती, त्यातली काही खरीही होती. मी ती दिली नाहीत. आमची दिंडी पुढे निघाली, मावशींनी मागे वळून हात केला, आणि मी रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली उभी राहून ऐकत राहिले.