झाडांना आठवतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

कॉलेजात बॉटनी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन खाडीकाठी, डोंगरात झाडं दाखवायला जाते, त्यामुळे एक प्रश्न सारखा येतोच. कुणीतरी कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की झाडं दुष्काळ, मीठ, कीड सगळं लक्षात ठेवतात आणि बियांतून पुढच्या पिढीला देतात, एपिजेनेटिक्स का काय म्हणतात ते. आणि मग लगेच पुढचा प्रश्न, खरा तोच असतो, "मॅडम, मग जंगली झाडं हवामानबदलाशीही आपोआप जुळवून घेतील ना?" चालता चालता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज नीट लिहून टाकते.

आधी मुळात हे आहे काय ते. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यातल्या सायटोसिन नावाच्या अक्षरावर मिथिल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो किंवा तिथून निघतो, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीन्सभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही अशा खुणा होतात. वहीची काही पानं स्टेपल करून टाकली तर मजकूर जागच्या जागी असतो पण वाचता येत नाही, साधारण तसं समजा. आता माणसात किंवा उंदरात अशा बहुतेक खुणा पुढची पिढी तयार होताना पुसल्या जातात, झाडांत ही पुसापुशी तितकी पक्की नसते. शिवाय प्राण्यांमध्ये पुढच्या पिढीच्या पेशी गर्भातच वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, झाडाचं तसं नाही, ज्या शेंड्याने उन्हाळा सोसला त्याच शेंड्याला पुढे फूल येतं आणि त्या फुलात बी धरतं. म्हणजे सोसलेलं पुढे जायला निदान वाट तरी मोकळी आहे.

माझं आवडतं उदाहरण ब्राझीलचं, 2010 साली छापून आलेलं. रिओ दि जानेरोजवळ सेपेतिबाच्या उपसागरात लॅगुनक्युलारिया रेसिमोसा नावाचं मँग्रोव्ह, म्हणजे खारफुटीचं झाड आहे, आपल्याकडे नाही ते. एकच जात, पण नदीच्या काठाला वाढलेली चांगली उंच, जाड खोडाची झाडं आणि तिथून फार लांब नसलेल्या खारट दलदलीत त्याच जातीची खुजी, झुडपासारखी, बारीक पानांची झाडं. बघणाऱ्याला दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका फरक! संशोधकांनी दोन्हीकडच्या झाडांचा डीएनए तपासला तर त्यात फरक जवळपास नाहीच, पण मिथिलेशन, म्हणजे त्या मिथिलच्या खुणा, बघितलं तर दोन गट एकदम वेगळे निघाले, खारट जागेतल्या झाडांमध्ये मिथिलेशन असलेल्या जागा नदीकाठच्यांच्या निम्म्याहूनही कमी. मला हा अभ्यास फार आवडतो कारण तो कुंडीतल्या रोपांचा नाही, चिखलात उभ्या असलेल्या जंगली झाडांचा आहे.

पण इथेच थांबून "झालं सिद्ध" म्हणायचं नाही. प्रत्येक झाड जिथे आहे तिथेच मोजलंय, त्यामुळे मिठाने त्या त्या झाडाच्या स्वतःच्या आयुष्यात खुणा बदलल्या असतील, पुढे बियांत त्यातलं काय जातं हे यातून कळत नाही, आणि खुणा बदलल्यामुळे झाड खुजं झालं की दोन्ही गोष्टी मिठामुळेच झाल्या हेही सुटत नाही. ते बघायचं तर बिया एकसारख्या जागी लावून बघाव्या लागतात.

ते काम नेदरलँड्समध्ये डँडेलियनवर झालं, तेही 2010 मध्येच. परदेशात राहणाऱ्यांच्या लॉनमध्ये असतंच हे, पिवळं फूल आणि नंतर फुंकर मारली की उडणाऱ्या म्हाताऱ्या. याच्या कित्येक रोपांत परागाशिवायच बी धरतं, म्हणजे बी ही आईची जवळजवळ हुबेहूब नक्कल, त्यामुळे डीएनएमधल्या फरकाची भानगडच राहत नाही. काही रोपांना मीठ दिलं, काहींना पोषण कमी दिलं, काहींना जॅस्मोनिक अॅसिड किंवा सॅलिसिलिक अॅसिड दिलं (कीड लागली किंवा रोग आला की झाड स्वतःच ही रसायनं तयार करतं). मग त्यांच्या बिया घेऊन नॉर्मल परिस्थितीत वाढवल्या, कसलाही ताण नाही. आईमध्ये ताणामुळे झालेले मिथिलेशनचे बरेचसे बदल मुलींमध्येही सापडले, ज्यांनी यातलं काहीच सोसलेलं नव्हतं. म्हणजे हो, आठवण पुढे जाते, हे मी अगदी ठामपणे सांगते.

त्याचा फायदा होतो का हा मात्र वेगळा प्रश्न. कधी कधी होतो, 1999 मध्ये जंगली मुळ्यावर दाखवलं होतं की अळ्यांनी खाल्लेल्या रोपांच्या पुढच्या पिढीवर अळ्या कमी पोसतात. पण ही आठवण टिकतेच असं नाही. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात मिठाची आठवण मुख्यतः आईकडून जाते आणि पुढच्या पिढीला मीठ भेटलं नाही तर ओसरते. काही आठवणी तर झाड मुद्दाम पुसतं. त्याच रोपात एफएलसी नावाचा जीन फुलं येणं अडवून धरतो, हिवाळ्यात कित्येक आठवडे थंडी लागली की हिस्टोनवरच्या खुणांनी तो बंद होतो आणि वसंतात फुलं येतात, इंग्लंडात नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. पण बी तयार होताना हा जीन पुन्हा चालू केला जातो, नाहीतर आईचा हिवाळा आठवून नवं रोप थंडीच्या तोंडावरच फुलायला लागेल आणि सगळं फुकट जाईल. विसरणंही झाडाच्या तितकंच कामाचं आहे, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

मग जंगलाचं काय? माझं उत्तर असं की एपिजेनेटिक्समुळे झाडाला थोडी मुदत मिळते, एखाद-दुसरा वाईट सीझन निभावता येतो, पण वहीत नसलेलं पान काही त्यातून येत नाही. आणि मिथिलेशन किती आणि कुठे हेसुद्धा बऱ्याच अंशी जीन्सच ठरवतात, स्वीडनमधल्या जंगली अरॅबिडॉप्सिसमध्ये उत्तर-दक्षिण असा मिथिलेशनचा फरक दिसला पण त्यातला मोठा भाग शेवटी जनुकीय फरकातूनच आलेला निघाला. म्हणजे जातीतली विविधता गेली तर ही सोयही तितकी आखडते. म्हणून "झाडं करतील अॅडजस्ट" असं कुणी खाडीत भराव टाकायच्या गोष्टीत बोललं की मला खरंच राग येतो. तिवराची श्वास घेणारी मुळं मातीखाली गाडली गेली की झाड गुदमरतं, तिथे कुठलंही मिथिलेशन कामाला येत नाही.

आणि तुमच्यातले जे नर्सरीसाठी, लागवडीसाठी बिया गोळा करतात त्यांना एक सांगणं आहे. सगळ्यात उंच, देखण्या झाडाखालच्याच बिया भरून आणू नका. खारट, उघड्या, वाईट जागेत तग धरून असलेल्या खुज्या झाडांच्याही घ्या, त्यांचं खुजेपण जीन्समुळे आहे, खुणांमुळे आहे की नुसत्या मिठामुळे हे बघून कळत नाही, म्हणून तर दोन्ही हवीत. पिशव्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकीवर जागा, झाड आणि महिना लिहा.