लेकीबरोबर केलेली खेळायची कणीक

खेळायची कणीक, म्हणजे प्ले डो, घरी करायचं ठरल्यावर पहिला प्रश्न होता: कच्ची की शिजवलेली? कच्चीची कृती सोपी. मैदा, मीठ, तेल, पाणी एकत्र मळलं की झालं. तरी मी शिजवलेली निवडली, कारण लेक साडेतीन वर्षांची आहे आणि या वयात हात तोंडात जातोच. कच्च्या पिठात ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पीठ दिसायला इतकं साधं असतं, की हे आपल्या मनातही येत नाही.

दुसरं कारण खेळाचं. कच्चा गोळा ताणला की पुन्हा आखडतो, त्यातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, त्याला मागे ओढतं. छोट्या बोटांनी जीव लावून केलेला आकार हात काढताच बिघडतो. शिजवताना मात्र गव्हातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि गोळा ठेवाल तसा राहायला लागतो. लहान मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

प्रमाण असं घेतलं: १ कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, २ छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पावडर), १ मोठा चमचा तेल आणि १ कप पाणी. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर लिंबाचा रस चालतो. काम आम्लाचं असतं, त्याने गोळा गुळगुळीत होतो आणि जास्त टिकतो. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मैदा वापरू नये, तांदळाचं पीठ घ्यावं. तो गोळा थोडा भुसभुशीत होतो, पण खेळता येतं.

कोरडं सगळं लेकीने मोजलं. कप भरायचा, वरचं पीठ चमच्याच्या दांड्याने सपाट करायचं, मग पातेल्यात ओतायचं. हे काम तिच्या हाती द्यायचं मी आधीच ठरवलं होतं. माझ्या मते या उद्योगातला निम्मा खेळ इथेच आहे. आयता गोळा हातात आला तर मूल त्याच्याशी खेळतं. पण पावडर, पाणी, रबडी आणि मग गोळा असा प्रवास स्वतः पाहिला, की त्या गोळ्याकडे बघण्याची नजरच बदलते.

मीठ ओततानाच तिने विचारलं, "बाबा, एवढं मीठ?"

"बुरशीलाही पाणी लागतं ना, ते मीठ धरून ठेवतं," मी म्हणालो.

"मग बुरशी तहानलेली राहते?"

मला हे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा चांगलं वाटलं.

याच मिठामुळे दोन गोष्टी मी नीट पाळतो. चव कळावी म्हणून बोट चाटलं तर काही बिघडत नाही, पण तुकडे खायचे नाहीत, आणि ती खेळत असताना मी जवळ असतो. घरात कुत्रा असेल तर कणीक त्याच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवावी. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय हाताला ओरखडा असेल तर मीठ झोंबतं, म्हणून खेळ सुरू करण्याआधी दोन्ही तळवे बघून घेतो.

शिजवणं माझं. ती लांब खुर्चीवर बसून "ढवळ, ढवळ" असा हुकूम सोडत होती. गॅस मंद ठेवला. बराच वेळ काहीच घडत नाही, नुसतं पातळ मिश्रण फिरत राहतं. मग अचानक तळाशी गुठळ्या धरतात आणि बघता बघता सगळं उलथन्याभोवती गोळा होतं. गुठळ्या बघून घाबरायचं कारण नाही, मळताना त्या मोडतात. वरची ओली चकाकी गेली आणि चिमटीत घेतलेला कण बोटाला चिकटेनासा झाला, की गॅस बंद. त्यापुढे शिजवलं तर गोळा कोरडा पडतो.

मग गार होण्याची वाट. मुलासाठी सगळ्यात अवघड भाग हाच, आणि सगळ्यात जपायचाही. वरून कोमट लागणारा गोळा आतून पोळण्याइतका गरम असू शकतो. मी तो आधी फोडून, आतल्या भागाला स्वतः हात लावून बघितला, मगच तिला दिला. किती मळायचं हे तिला कळावं म्हणून सांगितलं, "स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघ, गोळा तेवढा मऊ झाला पाहिजे." मग पुढे ती एकदा गोळा दाबायची, एकदा कान.

रंग आम्ही शिजवताना घातला नाही. पांढऱ्या गोळ्याचे भाग केले, प्रत्येकात अंगठ्याने खळगा पाडला, त्यात खायचा रंग टाकून तोंड बंद केलं. मळताना रंगाच्या रेघा बाहेर फुटतात, त्या बघण्यासाठी ती थांबून थांबून मळत होती. पिवळ्यासाठी हळद वापरली. नंतर साबणाने हात धुताना तळव्यावरचे पिवळे डाग लालसर झाले आणि ती थक्क झाली. साबण अल्कली असतो, म्हणजे आम्लाच्या उलट, आणि हळद अल्कलीत रंग बदलते. त्या दिवशी हात धुणं लवकर संपलं नाही.

बाजारातल्या प्ले-डोची गोष्टही मला आवडते. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत वॉलपेपरवरची काजळी पुसायला तो लगदा विकला जात होता. घरं तापवायला कोळसा मागे पडला तशी त्याची गरज घटली. तेव्हा के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेने तो मुलांच्या हाती दिला, आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. मुलांच्या हाती देणं, एवढंच मीही करतो. लेकीला हत्ती करून दाखवत नाही. मोठ्या माणसाचा सफाईदार हत्ती समोर आला, की मूल स्वतःचं सोडून "तूच कर" म्हणतं. तिचे लांबुळके गोळे साप आहेत की रस्ते, हे ती सांगेल तसं. तीन रंग मिसळून शेवटी तपकिरी झाला, तरी तो वाचवायला मी जात नाही.

खेळ झाला की कणीक हवाबंद डब्यात. दमट हवेत मीठ पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा चमचाभर मैदा घालून तो पुन्हा मंद गॅसवर थोडा शिजवायचा आणि गार झाल्यावर मळायचा, कारण मैदा कच्चा राहायला नको. कोरडा पडला तर ओल्या हाताने मळायचा. उघडा राहिला तर वर मिठाचा पांढरा थर येतो, तो मळला की जिरतो. आंबूस वास किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र नुसता ठिपका काढून भागत नाही, सगळाच गोळा टाकतो आणि नवा करायला घेतो. आता पीठ आणि मीठ किती, हे लेक मला सांगते.