मिडियम फॉरमॅट डिजिटल: सुरुवात कॅमेऱ्यापासून नको, फाइलपासून करा

मिडियम फॉरमॅटकडे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे, वळायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॅमेऱ्यांची तुलना करत बसतात. ती तुलना जरा मागे ठेवा. ज्या कॅमेऱ्यावर डोळा आहे त्याच्या चार-सहा मूळ रॉ फाइली (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) आधी मिळवा, आपल्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि तासभर त्यांच्यावर मनापासून काम करा. फाइल उघडायला किती वेळ लागतो, शॅडो (गडद भाग) किती उचलता येतात, झूम केल्यावर स्क्रीन किती अडखळते, हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. मिडियम फॉरमॅटचा खरा फायदा रॉ फाइलमध्ये दडलेला असतो. ती फाइल नीट टिपता आणि नीट उलगडता आली नाही, तर मोठ्या सेन्सरचा काहीच उपयोग होत नाही.

आधी आकारांबद्दल, कारण इथे गोंधळ फार होतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. फुजीफिल्म जीएफएक्स, हॅसलब्लाडचे एक्स१डी व एक्स२डी आणि पेंटॅक्स ६४५झेड यांचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात फुल फ्रेमच्या साधारण १.६७ पट. फेज वनच्या आयक्यू४ १५० बॅकचा (कॅमेऱ्याला मागून जोडायचा सेन्सरचा भाग) सेन्सर ५३.४ × ४० मिमी, म्हणजे जवळजवळ अडीच पट. फिल्मच्या काळातली ६४५ची फ्रेम ५६ × ४१.५ मिमी होती. म्हणजे आज ज्याला सर्रास मिडियम फॉरमॅट म्हणतात, तो सेन्सर त्या काळच्या सगळ्यात लहान फ्रेमपेक्षाही बराच लहान आहे.

१.६७ पट क्षेत्रफळ म्हणजे प्रकाशाच्या हिशोबात पाऊण स्टॉपपेक्षा किंचित कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फरक आहे, पण अफाट नाही. 'मिडियम फॉरमॅट लूक' नावाची जादू शोधायला जाल तर निराश व्हाल. ४४ × ३३ सेन्सरवर ६३ मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० मिमीसारखी दिसते आणि तिथला एफ/२.८ फोकसमधल्या खोलीच्या बाबतीत तिकडच्या साधारण एफ/२.२ इतका पातळ असतो. फुल फ्रेमवर एफ/१.२च्या लेन्स मिळतात, त्यामुळे नुसती पार्श्वभूमी धूसर करायची असेल तर इकडे यायची गरज नाही. इकडे येण्याची खरी कारणं तीन: टोनमधले बारीक, सलग बदल, शॅडो उचलताना फाइलने दाखवलेला दम आणि मोठ्या प्रिंटमधला तपशील. ११६४८ × ८७३६ पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला जवळजवळ ३९ × २९ इंच होते, काहीही न ताणता. ५० मेगापिक्सेलची ८२५६ × ६१९२ची फाइल त्याच हिशोबाने साडेसत्तावीस इंच रुंद होते, आणि शिकायला ती मला जास्त योग्य वाटते. तिचा पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा, १०० मेगापिक्सेलचा ३.७६चा. पिक्सेल जितका लहान, तितकी हाताची थरथर, फोकसची चूक आणि लेन्सची मर्यादा लवकर उघडी पडते.

आता टिपण्याकडे. नवख्या माणसाच्या बहुतेक फाइली इथेच बिघडतात आणि दोष मात्र लेन्सवर जातो. शटर स्पीड म्हणजे फोकल लेंथचा व्यस्तांक हा जुना नियम इथे पुरत नाही. स्टॅबिलायझेशन नसलेल्या बॉडीवर ६३ मिमीला किमान १/१२५, आणि शंभर टक्के झूमवर काटेकोर तपशील हवा असेल तर १/२५० धरा. जीएफएक्स १००, १००एस, ५०एस २ आणि एक्स२डी यांच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे. पण त्याने फक्त तुमचा हात सावरतो, समोरच्या माणसाची हालचाल थांबत नाही.

ट्रायपॉडवर २ सेकंदांचा टायमर किंवा केबल रिलीज लावा आणि फोकल प्लेन शटर (बॉडीत, सेन्सरपुढे असलेलं पडद्याचं शटर) असेल तर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन निवडा, म्हणजे पहिल्या पडद्याचं काम सेन्सरच करतो. शटरचा पडदा स्वतःच कॅमेऱ्याला हादरा देतो आणि १/८ ते १/६०च्या पट्ट्यात तो हादरा फाइलमध्ये उतरतो. उलट एफ/२सारख्या उघड्या अ‍ॅपर्चरला १/२००० वगैरे वेगात हाच फ्रंट कर्टन पार्श्वभूमीतल्या प्रकाशगोलांची एक बाजू कापतो. तिथे पूर्ण यांत्रिक शटर वापरा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर फक्त स्थिर विषयासाठी आणि अखंड प्रकाशासाठी ठेवा. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर वाचून व्हायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात चालणारा माणूस तिरका होतो आणि एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे उमटतात.

फ्लॅशवाल्यांनी हा फरक खरेदीआधीच समजून घ्यावा. जीएफएक्सचं शटर बॉडीत आहे, त्याचा सिंक, म्हणजे फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडेल असा कमाल वेग, १/१२५. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्येच पाकळ्यांचं लीफ शटर असतं, त्यामुळे १/२००० किंवा त्याहून जास्त वेगातही फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो. दुपारच्या उन्हात पोर्ट्रेट करणाऱ्याच्या दृष्टीने ही चार स्टॉपची तफावत मेगापिक्सेलपेक्षा मोठी आहे.

अ‍ॅपर्चरच्या बाबतीत सवय मोडावी लागते. लँडस्केपला एफ/१६ लावून मोकळं व्हायचं, हे इथे चालत नाही. विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बिंदूचं जे चकतीत रूपांतर होतं, तिचा व्यास एफ/८ला सुमारे १०.७ मायक्रॉन, एफ/११ला १४.८ आणि एफ/१६ला साडेएकवीस. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एफ/१६ची चकती जवळजवळ सहा पिक्सेलांवर पसरते. एफ/११पर्यंतचं मऊपण शार्पनिंगने बरंचसं भरून निघतं, त्यापुढचं नाही. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही हवे असतील तर एफ/८ला फोकस ब्रॅकेटिंग करा (फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्या) आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम जोडा. वाऱ्याने गवत हलत असेल तर जोड दिसणार हे गृहीत धरा. अशा वेळी एका फ्रेमचा एफ/११ बरा.

एक्स्पोजरचा नियम छोटा आहे: हायलाइट (उजळ भाग) सांभाळा, शॅडो फाइल सांभाळेल. पण कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) रॉचा नसतो, आतल्या जेपीईजीचा असतो. म्हणून पिक्चर प्रोफाइल शक्य तितकं सपाट ठेवा. फुजीवर प्रो नेग स्टँडर्ड किंवा इटर्ना, हायलाइट आणि शॅडो टोन उणे बाजूला. म्हणजे हिस्टोग्राम सत्याच्या थोडा जवळ येतो. फुजीचा डीआर२०० आणि डीआर४०० (डायनॅमिक रेंज) हा पर्याय रॉ शूट करताना बंद ठेवा, डीआर१००वरच राहा. डीआर४०० लावलं की कॅमेरा रॉ फाइल प्रत्यक्षात दोन स्टॉप अंधारी टिपतो आणि जेपीईजी उजळ करून दाखवतो. ज्या सेन्सरसाठी इतका खर्च केला त्याचे दोन स्टॉप असे नकळत जातात. रॉचा खरा हिस्टोग्राम बघायचा असेल तर फास्टरॉव्ह्यूअर उपयोगी. निवड करण्याचं कामही त्यात झपाट्याने होतं, कारण तो शंभर टक्क्यांवर चटकन उघडतो.

१४ बिट की १६ बिट, म्हणजे उजेडाच्या पायऱ्या किती बारीक नोंदवायच्या, यावर फार वेळ घालवू नका. जीएफएक्स १००मध्ये १६ बिट एकेक फ्रेमलाच मिळतं, फाइल फुगते आणि फरक दिसावा म्हणून शॅडो चार-पाच स्टॉप ओढावे लागतात. १४ बिट लॉसलेस कॉम्प्रेस्ड हा माझा स्पष्ट सल्ला. लॉसलेसमध्ये काहीही गमवावं लागत नाही.

जागेचा हिशोब मात्र आधीच मांडा. १०० मेगापिक्सेलची असंकुचित १६ बिट रॉ दोनशे एमबीच्या वर जाते, म्हणजे ५०० फ्रेमचे १०० जीबी. त्याच फाइलची १६ बिट टिफ ६१० एमबी, आणि फोटोशॉपमध्ये तीन लेयर टाकले की दोन जीबीची मर्यादा जवळ येते. त्यापुढे फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल चालत नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी लागते. ३२ जीबी रॅम, चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड ही आरामात काम करण्याची पातळी. फिरत्या हार्ड डिस्कवर थेट काम केलंत तर प्रत्येक झूमला थांबावं लागेल.

सॉफ्टवेअर निवडताना आधी बघायचं ते आपली रॉ फाइल ते नीट वाचतं का. हॅसलब्लाडची ३एफआर फाइल असेल तर त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याचं नाव फोकस, स्पेलिंगमध्ये एफऐवजी पीएच. ते आयात करताना ३एफआरची एफएफएफ करतं आणि हॅसलब्लाडचा रंग सर्वांत विश्वासाने तिथेच दिसतो. फुजीसाठी कॅप्चर वन आणि लाइटरूम दोन्ही चांगले, फेज वनच्या आयआयक्यू फाइलींसाठी कॅप्चर वनच. पैसे न घालता शिकायचं तर डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत, आणि ते कमअस्सल अजिबात नाहीत. रॉथेरपीचं कॅप्चर शार्पनिंग मला आजही फार आवडतं. जीएफएक्सचा सेन्सर साध्या बायर रचनेचा (लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या नेहमीच्या मांडणीचा) आहे. लहान फुजी कॅमेऱ्यांच्या एक्स-ट्रान्स रचनेमुळे येणाऱ्या अडचणी इथे लागू होत नाहीत, त्यामुळे तिथले सल्ले इकडे आणू नका.

कॅप्चर वनमध्ये सुरुवातीला कॅटलॉगऐवजी सेशन घ्या. कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश असे चार फोल्डर तयार होतात आणि केलेले बदल फोटोंशेजारच्या कॅप्चरवन नावाच्या उपफोल्डरमध्ये राहतात. इथली ठरलेली चूक म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइल मॅनेजरमधून फक्त रॉ फाइली दुसरीकडे हलवणं. बदल जुन्या जागी राहतात आणि फोटो कोरा उघडतो. फाइल हलवायची तर सॉफ्टवेअरमधूनच, किंवा अख्खं सेशन उचलायचं. लाइटरूमवाल्यांनी एक्सएमपी या फोटोशेजारच्या छोट्या फाइलमध्ये बदल आपोआप लिहिण्याची सेटिंग चालू करावी.

प्रोसेसिंगचा क्रम माझ्या मते असा हवा. आधी लेन्सची दुरुस्ती, कारण फ्रेमच्या गडद कडा उजळल्यावरच एक्स्पोजर खरं दिसतं. मग ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स. मग कर्व्ह: कॅप्चर वनच्या बेस कॅरॅक्टरिस्टिक्समध्ये लिनियर रिस्पॉन्स निवडलं की फोटो मलूल आणि गडद दिसतो, पण हायलाइटमध्ये किती माल शिल्लक आहे ते कळतं. तिथून स्वतःचा कर्व्ह बांधायला शिका. फिल्म स्टँडर्डवर हायलाइट स्लायडर उणे शंभर नेऊन जे आकाश मिळतं त्यापेक्षा हे आकाश नैसर्गिक असतं. डार्कटेबलमध्ये मात्र आधी एक्स्पोजर मॉड्यूलने मधले टोन जागेवर आणायचे, आकाश उडालेलं दिसलं तरी घाबरायचं नाही, आणि मग फिल्मिक किंवा सिग्मॉइडने हायलाइट आवरायचे. उलट क्रमाने गेलात तर दोन मॉड्यूल एकमेकांशी झगडत राहतात.

नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंगचे तयार आकडे सगळ्या कॅमेऱ्यांचा विचार करून ठेवलेले असतात. कॅप्चर वन ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन ५०वर ठेवतं. आयएसओ १००च्या फाइलवर ते ० ते १०वर आणा, त्वचेचा आणि दगडाचा पोत लगेच परत येतो. लाइटरूममध्ये शार्पनिंगची रेडियस १.० असते, ती ०.६ ते ०.८ करा आणि डिटेल स्लायडर ७०च्या पुढे न्या. आकाशात दाणे उठले तर ऑल्ट दाबून मास्किंग वाढवा. कॅप्चर वनमध्ये लेन्स करेक्शनखाली विवर्तन दुरुस्तीची खूण आहे. एफ/११च्या फाइलला ती लावून बघाच.

मुआरे (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे) हा या कॅमेऱ्यांचा हमखास त्रास, कारण सेन्सरवर तपशील किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर नसतो आणि लेन्स फार तीक्ष्ण असतात. विणलेलं कापड, जाळी, दूरच्या इमारतीच्या पट्ट्या यांवर हिरवे-जांभळे पट्टे येतात. रंगाचा मुआरे लेयरवर ब्रशने निघतो, पण अख्ख्या फोटोवर लावलात तर बारीक रंग धुऊन जातात. उजेड-अंधाराच्या पट्ट्यांचा मुआरे कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जात नाही. त्यामुळे कपड्यांचं काम करताना तिथल्या तिथे शंभर टक्क्यांवर तपासा आणि दिसला तर अर्धा पाऊल पुढे-मागे सरका किंवा एफ/१६ लावा. विवर्तन उपयोगी पडण्याची ही एक जागा.

जुनी डिजिटल बॅक घेऊन टेक्निकल कॅमेऱ्यावर शिफ्ट करणाऱ्यांना (लेन्स सेन्सरला समांतर बाजूला सरकवणाऱ्यांना) एक काम जास्तीचं आहे. शिफ्ट केलेल्या वाइड लेन्सचा प्रकाश सेन्सरवर तिरका पडतो आणि फ्रेमची एक बाजू हिरवट, दुसरी गुलाबी होते. प्रत्येक शिफ्टनंतर, त्याच अ‍ॅपर्चरला आणि फोकस न हलवता, लेन्सपुढे दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी धरून एक फ्रेम घ्या. ती मधल्या टोनची असली पाहिजे. उडालेली किंवा काळी फ्रेम कामाची नाही. कॅप्चर वनमध्ये त्या फ्रेमवरून एलसीसी (ही रंगछटा काढणारं प्रोफाइल) तयार करून खऱ्या फोटोला लावतात, त्यात धुळीचे डागही निघतात. लाइटरूम आणि रॉथेरपीत हेच काम फ्लॅट-फील्ड नावाने होतं. ही फ्रेम नंतर पुन्हा तयार करता येत नाही, म्हणून निवड करताना 'रिकामा फोटो' समजून ती उडवू नका. फाइलच्या नावात शिफ्टचे मिलिमीटर लिहून ती मूळ रॉच्या शेजारीच ठेवा आणि बॅकअपमध्येही तिला बरोबर न्या.