फुटलेला कॉम्पॅक्ट पुन्हा बसवताना: मे ते ऑगस्ट

फुटलेल्या मेकअप पावडरची चौथी डबी रविवारी पुन्हा दाबून बसली. ब्रश दहा वेळा फिरवला, डबी उलटी करून तळहातावर ठोकली, एक कण सुटला नाही. ज्यांच्या कपाटात फुटका ब्लश पिशवीत बांधून पडलाय त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतेय. आधी मी स्पिरिट किती आणि दाब किती एवढंच बघत होते. खरं काम त्याच्याही आधी, पूड करताना असतं.

मे, दुसरा आठवडा. ९ ग्रॅमचा कॉम्पॅक्ट, जेमतेम महिनाभर वापरलेला, पर्समधून फरशीवर पडला. चमच्याच्या पाठीने डबीतच चुरला, वर स्पिरिट टाकलं, टिश्यूत गुंडाळलेल्या बाटलीच्या बुचाने दाबला. सकाळी नवाकोरा दिसत होता. दोन दिवसांत कडेचे पापुद्रे सुटले आणि मध्ये ब्रशला खडे लागायला लागले.

सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे वस्त्रगाळ कुठं केलंस?" त्यांचं माहेर हळद पिकवणारं, कुटलेली हळद किती बारीक झाली हे त्या बघून नाही, चोळून सांगतात. पूड बोटांच्या रेषांत शिरली पाहिजे, तळहातावर कण टोचता कामा नये. तिथून माझी दिशा बदलली.

कारण असं. कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा टाल्क, अभ्रक, रंगासाठी लोहाची ऑक्साइडं, धरून ठेवायला झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट आणि थोडं तेल किंवा सिलिकॉन असतं. सासूबाई आधी मेण लावून त्यावर पिंजर टेकवतात, तेच काम डबीत हे तेल आणि स्टिअरेट करतात. कारखान्यात ही पूड यंत्राच्या जोरावर पत्र्याच्या पॅनमध्ये दाबतात. तेवढा जोर आपल्या अंगठ्यात नाही, म्हणून आपण स्पिरिट घेतो. ते कण भिजवतं, एकमेकांवर सरकवून जवळ आणतं आणि उडून जातं. चिकटवायचं काम त्याचं नाहीच. मग आत जुने घट्ट खडे राहिले तर भोवतालची मऊ पूड सुकताना आक्रसते आणि खडा आक्रसत नाही. भेग तिथेच पडते.

जून. तोच कॉम्पॅक्ट पुन्हा. सगळा खरवडून काचेच्या छोट्या खलात घोटला (स्वयंपाकाचा खल नको, मसाल्याचा वास जात नाही) आणि जुन्या मलमलीच्या तुकड्यातून गाळला. वर उरलेलं परत घोटलं, परत गाळलं. तीन फेऱ्या झाल्या, पाऊण तास गेला. गळून-सांडून ६.८ ग्रॅम हाताशी उरलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल (हेच माझं स्पिरिट) सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब घातलं, सुमारे ३ मिली लागलं. चक्क्याइतकं घट्ट झालं की थांबायचं. पॅनमध्ये भरून डबी टेबलावर हलके आपटली, म्हणजे आतली हवा वर येते. मग वीसेक मिनिटं नुसतं बसायचं. ओली चकाकी गेल्याशिवाय दाबलं तर सगळा लगदा कापडाला चिकटून वर येतो. चकाकी गेली की सुती कापड घालून दाबायचं, कापड बदलून परत, असं चार-पाच वेळा. पॅन लहान असेल तर १० रुपयांचं नाणं कामाला येतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. हा कॉम्पॅक्ट आजही रोज वापरात आहे.

स्पिरिटबद्दल नीट सांगते. कोविडच्या वेळचं उरलेलं हँडरब वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, आणि ते उडत नाही. जेल सॅनिटायझर तर नकोच. सर्जिकल स्पिरिट म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत एरंडेल आणि मिथाइल सॅलिसिलेटही असतं, त्यामुळे लेबल वाचूनच घ्या. मी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आणलं. खिडकी उघडी ठेवा. गॅस आणि देवघरातली समई दोन्ही विझलेली असू द्या.

जुलै. चमकीची आयशॅडो, आणि इथे वस्त्रगाळचा नियम उलटा लागला. ती चमक अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांची असते. मी ते जोर लावून घोटले आणि सोनेरी रंग मातकट झाला. चमकीचं काही असेल तर फक्त गुठळ्या मोडा, घोटू नका. त्यातच धरून राहावी म्हणून होहोबा तेलाचा एक थेंब घातला, तोही त्या इवल्याशा पॅनला जास्त झाला. वर काचेसारखा थर बसला, ब्रशला रंगच येईना. सेलोटेप चिकटवून ओढल्यावर थर निघाला, पण फिकेपणा राहिला. भाजून केलेल्या घुमटी पावडरींना मी हातच लावत नाही. भट्टीत बसलेली घडण हाताने परत येणार नाही.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा गुलाबी ब्लश होता. पाऊस लागून राहिलेला. तिच्याकडच्या ७० टक्क्यांच्या बाटलीने केला. अल्कोहोल आधी उडतं आणि पाणी मागे रेंगाळतं. मेमध्ये पंख्याखाली रात्रीत सुकलं होतं, इथे अडीच दिवस झाकण उघडं ठेवावं लागलं. ओल असताना झाकण लावू नका, बुरशी धरते. तिनेच विचारलं, २०१९ च्या पुरात भिजलेली एक पॅलेट जपून ठेवलीय, तीही होईल का? नाही. पुराचं पाणी लागलेलं काहीही डोळ्याजवळ न्यायचं नाही, स्पिरिटने ते शुद्ध होत नाही. तिला ती आईने दिलेली होती, म्हणून टाकवत नव्हती. रिकामा डबा धुऊन ठेव म्हटलं, त्यात नवे पॅन बसवू.

ऑगस्ट. चौथी डबी आमच्या हौशी नाटकमंडळाची, गालाची हाडं उठवायची तपकिरी पावडर. तालमीच्या बॅगेत तिचे अकरा तुकडे झाले होते. चार फेऱ्या गाळली, ९९ टक्क्यांचं स्पिरिट, तेल अजिबात नाही, दीड दिवस सुकवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत, त्यामुळे ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाची आमच्याकडे फार आधीपासून गडबड असते. यंदा आमचीही एकांकिका आहे. शनिवारी तालमीत हीच डबी पहिल्यांदा दिव्यांखाली लावून बघणार आहे. घाम आल्यावर रंग चट्ट्याचट्ट्याने निघतो की सारखा उतरतो, ते पुढच्या नोंदीत लिहीन.