सरांचा दगड

माजी विद्यार्थी म्हणून शाळेसाठी मनोगत लिहायचे तर शाळेची इमारत, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवरही लिहायला हवे. पण ते बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांवर लिहिणार. कोणते सर, हे प्रयोगशाळेची पायरी चढलेल्या कुणालाही सांगायला नको.

सरांच्या कपाटात विलेमाइट या खनिजाचा एक दगड होता, न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खाणीतला. ती खाण १९५४ मध्येच बंद झाल्यामुळे सर त्याला फार जपत. दिसायला अगदीच सामान्य: पांढऱ्या कॅल्साइटमध्ये मळकट तपकिरी ठिपके आणि काही काळे दाणे. नववीत एका तासाला काळे पडदे ओढून सरांनी अतिनील दिवा लावला. ठिपके हिरवेगार झळकले, भोवतीचे कॅल्साइट निखाऱ्यासारखे लाल झाले, काळे दाणे मात्र काळेच राहिले. वर्गात एकच गलका!

तो ओसरेपर्यंत सर गप्प उभे होते. मग त्यांनी खिडकीच्या काचेचा तुकडा दिवा आणि दगड यांच्यामध्ये धरला. रंग गेले. काच काढली, रंग परत आले.

"काच पारदर्शक असते ना रे?" सरांनी विचारले. कुणाची बोलायची हिंमत होईना. "तुझ्या डोळ्यांपुरती. या दिव्याच्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांना ती भिंतच आहे."

पुढचे त्यांनी फळ्यावर समजावले. विलेमाइट म्हणजे झिंक सिलिकेट. त्यात जस्ताच्या काही जागा मँगनीजने बळकावलेल्या असतात आणि हिरवा प्रकाश येतो तो या घुसखोरामुळे. कॅल्साइटचा लाल रंगही मँगनीजचाच, तिथे शिसे मदतीला असते. मग एकच मूलद्रव्य दोन रंग का दाखवते? विलेमाइटमध्ये मँगनीजभोवती चार ऑक्सिजन असतात, कॅल्साइटमध्ये सहा. शेजार बदलला की रंग बदलतो. हे पाठ्यपुस्तकात नव्हते आणि परीक्षेतही येणार नव्हते. सरांना त्याचे काही वाटत नसे.

पुढे मी प्रकाशमान पदार्थांवरच पीएच.डी. केली. अनेक जुन्या ऑसिलोस्कोपच्या (विजेचे संकेत रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरची हिरवी रेघ मँगनीज मिसळलेल्या झिंक सिलिकेटचीच असते, हे वाचले तेव्हा पहिल्यांदा सरांना पत्र लिहिले. उत्तरात त्यांनी कौतुकाच्या दोन ओळी लिहिल्या आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या.

आता वर्गात मोठा पडदा आहे आणि असे दगड चित्रफितीत दाखवतात, असे ऐकतो. रंग छानच दिसत असतील. पण तिथे मध्ये काच कशी धरणार?

सरांचा दगड कपाटात असेल तर त्यासाठी दिवा मी देतो. हल्लीचे ३९५ नॅनोमीटरचे टॉर्च इथे चालायचे नाहीत, २५४ चाच हवा. सोबत संरक्षक चष्मेही पाठवतो, कारण त्या दिव्याकडे थेट पाहू देणे सरांना कधीच खपले नाही. मुख्याध्यापकांनी फक्त होकार कळवावा.