एवढं काय त्या फ्लोअरमध्ये?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही. गोव्यात डिचोलीला मी घरची गाडी बनवली त्या शेडसमोरून जाणारा जो तो थांबतो, आत डोकावतो आणि तेच विचारतो, इंजिन चार रविवारांत बसलं ना, मग फ्लोअरला, म्हणजे गाडीच्या तळाला, अकरा महिने कसे लागले, एवढं काय त्या फ्लोअरमध्ये, पत्राच ना शेवटी?

आधी गाडी काय आहे ते सांगतो. हॉट रॉड हा मुळात अमेरिकेतल्या पोरांचा उद्योग, 1930 नंतर कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांवर जुन्या फोर्ड न्यायच्या, मडगार्ड वगैरे जे जे जड ते काढून टाकायचं, इंजिनात जोर घालायचा आणि सुटायचं. 1932 ची फोर्ड त्यांची सगळ्यात लाडकी, ती मला कुठून मिळणार. माझी चॅसी 100 बाय 50 एमएमच्या बॉक्स पाइपची, वर भंगारातल्या ॲम्बॅसेडरचं काउल (पुढच्या काचेखालचा भाग) आणि दारं, इंजिन त्याच गाडीचं 1817 सीसीचं इसुझू पेट्रोल, पुढचं सस्पेन्शन एका पिकअपचं आणि स्टिअरिंगची रॅक (डावी-उजवी सरकून चाकं वळवणारी आडवी दातेरी दांडी) छोट्या मारुतीची. म्हणजे खिचडीच. दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरं चॅसी बघून विचारायला आली होती, काका, यंदा नरकासुराच्या (दिवाळीला जाळतात त्या पुतळ्याच्या) सांगाड्याची चौकट एवढी लांब कशाला.

तर फ्लोअर. माझी चूक अशी झाली की मी फ्लोअर आधी केला. चॅसी रिकामी दिसते, मधे भगदाड असतं, हात शिवशिवतात, पत्रा टाकला की गाडी झाल्यासारखी वाटते. पण फ्लोअर म्हणजे काय, सगळं बसल्यावर उरलेली जागा. सीट कुठे, त्यावरून गुडघा कुठे येणार, गुडघ्यावरून पेडल, पेडलच्या बाजूने स्टिअरिंगचा शाफ्ट खाली कुठून जाणार, तिकडे एक्झॉस्ट, इकडे गिअरबॉक्स, हे सगळं ठरल्यावर जे उरतं त्यावर पत्रा. मी उलटं केलं. सुंदर सपाट पत्रा वेल्ड केला, मग स्टिअरिंगची नळी हातात धरून बसलो तर ती जाणार होती नेमकी माझ्या डाव्या पायाच्या नडगीतून. कापला. ही पहिली वेळ.

दुसऱ्या वेळची गोष्ट सांगायला लाज वाटते पण सांगतो. रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे बसवायची तर इंजिनाचा संप (खालचं तेलाचं भांडं) आड येत होता. मग मी हुशारी केली, नकल (चाकं ज्यांच्यावर बसून वळतात ते तुकडे) डावे-उजवे बदलले, त्यांचे हात (रॅकला जोडायचे दांडे) पुढे आले, रॅकही पुढे घेतली, संपाला धक्का नाही, काय मस्त झालं म्हणून त्या हिशोबाने फ्लोअरही परत भरला. भाच्याला सीटवर (तेव्हाची सीट म्हणजे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची) बसवलं, पुढचा भाग जॅकवर होता, म्हटलं डावीकडे फिरव. चाकं गेली उजवीकडे. तो म्हणाला, मामा, मी डावीकडेच फिरवलं हां. मी म्हटलं परत फिरव. परत उजवीकडे. आमचा वेल्डर मिस्त्री दारात विडी ओढत उभा होता, तो म्हणाला, "पात्रांव (म्हणजे मालक), तुजी गाडी उरफाटी चलता."

कारण अगदी साधं आहे. रॅक डावीकडे सरकली आणि ती नकलच्या मागच्या हाताला जोडलेली असली तर चाकाचं तोंड उजवीकडे वळतं, तीच रॅक पुढच्या हाताला जोडली तर डावीकडे. रॅक उपडी करून लावता येते, पण मग पिनियन (शाफ्ट जोडतो ते रॅकवरचं छोटं दातेरी चाक) जातं गाडीच्या डाव्या बाजूला आणि आपला ड्रायव्हर बसतो उजवीकडे. वर आणखी एक घोळ, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला लागतं आणि त्यासाठी नकलच्या हातांना मुद्दाम तिरपं ठेवलेलं असतं, हात मागे असले तर ते आतल्या बाजूला झुकलेले. याला अॅकरमन म्हणतात, 1818 मध्ये इंग्लंडात घोडागाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधीचं हे ज्ञान आणि मी ते 2 मिनिटांत नकल फिरवून उलटं करून ठेवलेलं. नकल परत जागेवर, रॅक मागे, आणि संप उतरवून त्याचा कोपरा कापून नवीन खाच वेल्ड करून घेतली, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणि फ्लोअर? परत कापला, रॅक मागे आली म्हणजे शाफ्टची वाट बदलली ना.

शाफ्टचंही थोडं सांगतो कारण इथे माझं मत पक्कं आहे. वरच्या नळीपासून रॅकपर्यंत सरळ रेघ मिळत नाही, मग युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात वळू देणारे सांधे) टाकायचे. एका जॉइंटला 30 अंशांच्या आसपास वळण द्यावं, 35 च्या वर जाऊच नये, जॉइंट अडकायला लागतो. दोन जॉइंटमध्ये भागलं तर बरं, तीन झाले की मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग लागतंच, नाहीतर शाफ्ट दोरीउड्या खेळतो. आणि दोन्ही जॉइंटचे काटे मधल्या शाफ्टवर एका रेषेत पाहिजेत. तुम्ही व्हील एकसारखं फिरवलंत तरी 30 अंशांत वाकलेला एक जॉइंट पुढचा शाफ्ट एकसारखा फिरवत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा साधारण 13 टक्के हळू आणि दोनदा 15 टक्के जलद. दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात आणि रेषेत असला तर तो हे फिटवतो, काटकोनात असला तर वाढवतो. माझा काटकोनात होता. लेथवाल्याने शाफ्टच्या दोन टोकांचे सपाट भाग एकमेकांना काटकोनात काढले, त्याला काय बोलणार, कागदावर काढून मीच दिलं नव्हतं. व्हील हातात घेतलं की जड, हलकं, जड, हलकं, दगडावरून गडगडल्यासारखं. नवीन शाफ्ट केला.

तो शाफ्ट वेल्ड मात्र केला नाही, करणारही नाही. दोन तुकडे टोकाला टोक लावून वेल्ड केलेले स्टिअरिंग शाफ्ट मी भंगारात बघितलेत, दिसायला छान असतात. माझं वेल्डिंग पत्र्यापुरतं आहे, स्टिअरिंगवर शिकायचं नाही. सपाट भाग काढलेला शाफ्ट, आवळून धरणारा पिंच बोल्ट, सैल न होणारा नायलॉक नट, बस.

तिसऱ्या वेळी मात्र मी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे आणले आणि आधी अख्खी गाडी पुठ्ठ्यात केली. पुठ्ठा वाकतो, फाटतो, चुकला तर चहाच्या टपरीवर देऊन टाकता येतो. पुठ्ठ्यावरून 18 गेजच्या म्हणजे 1.2 एमएमच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर आखलं. सगळं वेल्डिंग मिस्त्रीकडून करून घ्यायचा बेत होता, पण त्याचा हात खाणीच्या ट्रकचा. 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्याने टिपरचे हौदे वेल्ड केलेत, 5 एमएमचा पत्रा, इथून तिथे एक लांब रेघ ओढायची सवय. माझ्या पत्र्यावर त्याने दीड फुटाची रेघ ओढली आणि पत्र्याचा पापड झाला, तेलात सोडल्यावर होतो तसा. मग मी स्वतः शिकलो. 0.8 एमएमची वेल्डिंगची वायर, एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मध्ये, हात लावून बघायचं, गरम असेल तर बाहेर जाऊन यायचं. एका पॅनलला आख्खा रविवार असाच जातो, त्यात वेल्डिंग किती, वीस मिनिटं, बाकी वाट बघणं.

सपाट पत्र्यावर पाय ठेवला की तेलाच्या डब्यासारखा डबक-डबक वाजतो, म्हणून त्यात उठावाच्या पट्ट्या लागतात. त्या पट्ट्या काढायचं यंत्र, बीड रोलर, माझ्याकडे नाही. प्लायवूडच्या दोन फळ्यांत खाच करून पत्रा मध्ये दाबला आणि नायलॉनच्या हातोडीने हळूहळू ठोकत नेला, शेजाऱ्यांनी तो आवाज तीन महिने सोसला, त्यांना चवथीला (गणपतीत) नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा जास्तीचा पाठवला. गिअरबॉक्सवरचा टनेल (फ्लोअरमधला उंचवटा) तेवढा बोल्टने काढता येतो असा ठेवलाय, क्लच काढायला परत कापाकापी नको.

आणि पाऊस. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, जूनपासून उघड्या लोखंडाची खैर नाही. एका संध्याकाळी पत्रा घासून चकचकीत केला, प्रायमर संपलेला, म्हटलं उद्या मारू. सकाळी बघतो तर पत्र्यावर माझा पंजा उमटलेला, पाची बोटं, तळहाताच्या रेघांसकट, नारिंगी गंजात. घामाच्या हाताने कुठे कुठे धरला होता ते सगळं दिसत होतं. तेव्हापासून हातमोजे, आणि जे घासलं त्याला त्याच दिवशी प्रायमर, जेवण राहिलं तरी.

रस्त्यावर कधी आणणार हेही विचारता. नाही आणणार. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, शिवाय जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की नोंदणीत जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल कंपनीच्या गाडीत करता येणार नाही, आणि माझ्या गाडीला तर कंपनीच नाही. आमच्या काजूच्या भाटात (बागेत) दीडशे मीटरची वाट आहे, तिथे चालवतो. डावीकडे फिरवलं की डावीकडे जाते.

हां, अकरावा महिना. सगळं झालं, जोडांच्या फटींत सीम सीलर भरला, काळा रंग मारला, मी रोज संध्याकाळी नुसता बघत उभा राहायचो. मग एक अवकाळी सर आली, शेडचा एक पत्रा उडालेला होता, आणि सकाळी डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागी तळं. माझ्या उठावाच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांध घातला होता, पाणी जाणार कुठून. भोक पाडायला हवं हे कळत होतं, ड्रिल हातात घेऊन दोन दिवस फिरलो. शेवटी बायको म्हणाली, आणा इकडे, आणि बरोबर सगळ्यात खोल जागी, खूणबीण न करता, तिने ते पाडलं. रबरी बूच तेवढं मी लावलं.